विजेच्या गाडीचा पहारेकरी

घोडनदीकांठचें शिरूर व भीमेकांठचें दौंड या दोन्ही गांवांतून पहांटे पुण्याच्या वाटेला लागणारे लोक पुष्कळ. दौंडकराला आगगाडी आहे, शिरूरकराला सडकच. त्यांतील कांहीं घरांपुढें आतां विजेवर चालणारी मोटर उभी दिसूं लागली आहे. रात्रीं प्लग लावावा, सकाळीं निघावें, हा साधा व्यवहार. परंतु मध्यरात्रीं वीज गेली किंवा प्लग सैल राहिला, तर तें कळतें केव्हां? निघायच्या वेळीं!

हिशेब मांडून पाहावा. २३० व्होल्ट दाबानें १० अँपिअर प्रवाह घेणारा घरगुती चार्जर तासाला सुमारें २.३ युनिट वीज ओढतो. दहा तासांत २३ युनिट होतात. थोडी उष्णतेंत जाऊन वीसेक बॅटरींत उतरतात. लहान मोटर एका युनिटावर सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे शिरूरहून पुण्यास जाऊन येण्यापुरती बेगमी कशीबशी झाली. मध्येंच तीन तास वीज गेली, कीं चाळीसेक किलोमीटरांची तूट पडलीच. आणि ती जाणवते संध्याकाळीं, परतीच्या वाटेवर.

गाडीची खबर मोबाइलवर येते, हें खरें. पण तो मोबाइल घरांतल्या एकाच्या उशाशीं, व तो गृहस्थ गाढ झोंपलेला! रात्रीं पाणी प्यायला उठणाऱ्या आजोबांना ती खबर कोण देणार? यासाठीं स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक लहानसा दिवा असावा. दौंडसारख्या रेल्वेच्या गांवाला ही युक्ति नवी वाटूं नये. केबिनमधून दूरचा सिग्नल दिसत नसेल, तर त्याची स्थिति दाखविणारें उपकरण केबिनमध्येंच बसवितात. तें खटका ओढला कीं नाहीं हें सांगत नाहीं. सिग्नल प्रत्यक्ष पडला कीं नाहीं, हें सांगतें. प्लग लावला, एवढ्यावर विसंबून चालत नाहीं. प्रवाह वाहतो आहे काय, हें पाहावें लागतें.

तें ओळखण्याचें साधन म्हणजे तारेभोंवतीं बसविलेलें एक कडें. कड्यावर बारीक तांब्याच्या तारेचे वेढे असतात. मुख्य तारेंतून उलटसुलट प्रवाह वाहूं लागला, कीं फॅरडेनें १८३१ मध्यें दाखविलेल्या नियमानें वेढ्यांतहि प्रवाह उत्पन्न होतो. वेढे हजार असल्यास मूळच्या सुमारें एक हजारांश. मुख्य तार कापावी लागत नाहीं, हा मोठा गुण. मात्र कड्यांतून एकच तार गेली पाहिजे. जाणारी व येणारी अशा दोन्ही तारा आंत घेतल्या, तर एकीचा परिणाम दुसरी खोडून टाकते आणि गाडी भरत असूनहि दिवा मख्ख!

खरी मेख पुढेंच आहे. प्रवाह थांबला म्हणजे गाडी भरली, असें समजावें काय? लिथियमची बॅटरी भरत आली, कीं अगदीं शेवटीं तिचा प्रवाह हळूहळू उतरतो. वीज गेली किंवा प्लग निसटला, तर तो एकदम तुटतो. चांगलें उपकरण हा फरक पाहतें. घरांतील दाबहि तपासतें आणि वीज गेल्यावर स्वतःच्या लहान घटावर जागें राहून घंटा वाजवितें. वीज परत आल्यावर कांहीं चार्जर आपण होऊन चालू होतात, कांहीं होत नाहींत. म्हणून ती घंटा हवीच.

भिंतीवर बसवावयाच्या मोठ्या चार्जरांत आणखी एक सोय असते. गाडी व चार्जर एका स्वतंत्र बारीक तारेवर आपसांत बोलतात: गाडी जोडली नसतां १२ व्होल्ट, जोडली म्हणजे ९, आणि ती वीज मागूं लागली कीं ६. दिवा याच संकेतावर चालविला, तर अंदाजाला जागा फारशी उरत नाहीं.

हीं कडीं बसविणें हें घरच्या हौशी मुलाचें काम नव्हे; तें परवानाधारक वायरमनकडून करवावें आणि त्याच वेळीं अर्थिंगहि तपासून घ्यावें. कारण सैल सॉकेट तापूं लागलें, तरी प्रवाह पुरेसा असेतों दिवा सुखानें हिरवा जळत राहतो. पहिल्या कांहीं रात्रीं तासाभरानें प्लगला बाहेरून हात लावून पाहावा. तो चटका बसण्याइतका तापला असेल, तर तेथलें चार्जिंग लगेच बंद करून सॉकेट बदलवून घ्यावें.