शरदातील पथ्य : भाजलेला भोपळा आणि फलाम्ल

वर्षा ऋतू सरून आश्विनातील ऊन तापू लागले की आपल्या चिकित्सालयांत अम्लपित्त, शीतपित्त, मूत्रदाह आणि घोळणा फुटणे या तक्रारींचे रुग्ण वाढतात. वर्षेच्या शैत्याला सात्म्य झालेले शरीर एकाएकी सूर्यकिरणांनी तापते व संचित पित्ताचा प्रकोप होतो, हा वाग्भटोक्त क्रम सर्वांस परिचित आहे. तिक्तघृत, विरेचन, रक्तमोक्षण हे उपक्रमही आपण योजतो. मात्र पथ्याच्या चिठ्ठीवर ‘भोपळा चालेल’ असे मोघम लिहून थांबतो. हा मोघमपणा रुग्णास बाधक ठरू शकतो.

आमच्या मिरजोळे-रत्नागिरी परिसरात याच सुमारास परसातील वेलींवरचे भोपळे व कोहळे उतरतात. तांबडा भोपळा निखाऱ्यावर भाजून, सोलून, कुस्करून त्याचे भरीत करावे आणि पानात डावीकडे वाढावे, ही घरोघरची रीत. परंतु या भरितात दही घातले जाते आणि चरकांनी शरदात दही स्पष्टपणे वर्ज्य सांगितले आहे. अशा वेळी वैद्याने सांगितलेले पथ्य स्वयंपाकघरात अपथ्य होऊन ताटात येते.

भोपळा कोणता?

व्यवहारात ‘भोपळा’ या एका शब्दाने दुधी व तांबडा भोपळा या दोहोंचा बोध होतो, आणि कित्येकदा कोहळाही त्यातच गणला जातो. संहितांतील कूष्माण्ड म्हणजे कोहळा, अर्थात बेनिनकासा हिस्पिडा. सुश्रुतांनी त्याचे अवस्थाभेदाने गुण सांगितले आहेत : कोवळा पित्तघ्न, मध्यम कफकर, तर पक्व लघु, दीपन व बस्तिशोधक. तांबडा भोपळा हा कुकुर्बिटा वर्गातील असून मूळचा अमेरिका खंडातील. १४९२ मधील कोलंबसाच्या सफरीनंतरच तो इतरत्र पसरला. सबब कूष्माण्डाचे गुण त्याला सरसकट लावणे शास्त्रास धरून होणार नाही. रस, विपाक व प्रत्यक्ष अनुभव यांवरूनच त्याचा विचार करावा. तो मधुर आहे. भाजल्याने त्यातील जलांश कमी होऊन तो पचण्यास हलका होतो. अग्निसंस्काराने होणारे हे गुणांतर चरकांच्या ‘करण’ या संकल्पनेत बसते.

आंबटपणा कशाचा?

अम्लरस प्रायः पित्तकर. अपवाद डाळिंब व आवळा यांचा. शरदातील आहारद्रव्यांतही वाग्भटांनी धात्रीचा समावेश केला आहे. म्हणून दह्याची जागा या दोन फळांनी घ्यावी. कोकणात आमसुलाचा मोह होणे स्वाभाविक आहे. पित्ताच्या गांधींवर आमसुलाचे पाणी लावण्याचा प्रघातही आहे. तथापि भावप्रकाशात वृक्षाम्ल उष्ण सांगितले असल्याने पित्तप्रधान रुग्णास पोटात देताना ते बेतानेच द्यावे.

कृती

तांबड्या भोपळ्याची अर्धा किलोची फोड सालीसह मंद निखाऱ्यावर किंवा भट्टीत मऊ होईपर्यंत भाजावी. भाजण्यापूर्वी लहानसा तुकडा चाखून पाहावा. कडू लागल्यास फळ टाकून द्यावे. गर काढून त्यात दोन चमचे तूप, जिरेपूड, धनेपूड व सैंधव मिसळावे. वरून अर्धी वाटी डाळिंबाचे दाणे, एक किसलेला आवळा व भिजवलेल्या दहा-बारा मनुका घालाव्यात. प्रमेही रुग्णासाठी मनुका वगळाव्यात आणि भोपळ्याचे प्रमाणही मर्यादित ठेवावे.

परदेशी पाककृतींत भोपळा व फळे एकत्र भाजताना वरून मध ओततात. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतही ही पद्धत रुजत आहे. उष्ण पदार्थात मध नको, हे त्यांना आवर्जून सांगावे. गोडी हवी असल्यास खडीसाखर पुरेशी आहे.

औषधनिर्मात्यांसाठी

कोहळा जलबहुल असल्याने तो असा भाजता येत नाही. कूष्माण्डावलेहाची कृती याचा उत्तम पाठ आहे. जुना, टणक कोहळा घेऊन, साल व बिया काढून शिजवावा. वस्त्रातून पिळून निघालेले पाणी जपून ठेवावे. गर किंचित वाळवून तुपात मधुवर्ण होईपर्यंत परतावा. मग तेच पाणी व साखर घालून पाक करावा. प्रक्षेपद्रव्ये पाक उतरल्यावर आणि मध पूर्ण थंड झाल्यावरच. परतणे अपुरे राहिल्यास जलांश उरतो व अवलेह टिकत नाही. रंगाच्या किंवा किमतीच्या मोहाने कोहळ्याऐवजी तांबडा भोपळा वापरला गेल्यास ते कूष्माण्डावलेह राहत नाही. म्हणून कच्चा माल अखंड फळाच्या स्वरूपातच घ्यावा. चिरलेल्या, सोललेल्या फोडींवरून खात्री पटत नाही.

यंदाच्या शरदापासून पथ्याच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी स्वच्छ लिहाव्यात : भोपळा कोणता, शिजवायचा कसा आणि त्यात आंबट काय घालायचे. रुग्णाच्या घरी ती चिठ्ठी वाचणारी व्यक्ती बहुधा स्वयंपाक करणारीच असते. तिला नेमके शब्द मिळाले, तर आपले औषध आणि तिचे अन्न एकाच दिशेने काम करतील.