वर जाताना बारीक होणारे खांब

स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या पहिल्याच लेक्चरला आपण शिकतो : स्ट्रेस म्हणजे पी बाय ए. परीक्षा संपली की हे सूत्र वहीत बंद होतं. पण शिकागोमध्ये एक बिल्डिंग अशी आहे की तिच्या दर्शनी भागावरच हे सूत्र वाचता येतं!

तिचं नाव प्रोमोंटरी अपार्टमेंट्स. मिशिगन सरोवराच्या काठाने ग्रँट पार्कपासून जॅक्सन पार्कपर्यंत बर्नहॅम पार्क नावाचं लांबलचक उद्यान पसरलं आहे. त्याच्यासमोर १९४९ साली ही २२ मजली इमारत उभी राहिली. आर्किटेक्ट होते लुडविग मीस व्हान डेर रोह. जर्मनीतल्या सुप्रसिद्ध बाउहाउस शाळेचे हे शेवटचे संचालक. १९३८ मध्ये ते अमेरिकेला आले आणि आय.आय.टी.त शिकवू लागले. (आपली नव्हे हं, इलिनॉयची!)

मीस म्हटलं की स्टील आणि काच आठवते. मग ही इमारत काँक्रीटची कशी? कारण साधं आहे. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि स्टीलची टंचाई होती. आर.सी.सी.मध्ये स्टील फक्त सळ्यांपुरतं लागतं, म्हणून काँक्रीटची फ्रेम निवडली. स्टीलची हौस त्यांनी पुढे १९५१ साली त्याच शहरातल्या लेक शोअर ड्राइव्हच्या २६ मजली जोड टॉवर्समध्ये भागवून घेतली.

आता खांबांकडे बघू. तळमजल्याच्या खांबावर वरच्या सगळ्या मजल्यांचं वजन येतं, तर शेवटच्या मजल्याच्या खांबावर फक्त छताचं. म्हणजे वर जाताना पी कमी होत जातो. मग ए तेवढाच ठेवून काँक्रीट का वाया घालवायचं? म्हणून इथे ६व्या, ११व्या आणि १६व्या मजल्यावर खांब थोडे आत सरकतात, बारीक होतात. प्लास्टर किंवा क्लॅडिंगखाली न लपवल्यामुळे त्या पायऱ्या रस्त्यावरूनही दिसतात. खांबांच्या मधल्या जागेत खाली वीट आणि वर खिडकी. बस्स!

तुम्ही म्हणाल, मग प्रत्येक मजल्यावर खांब बारीक का नाही केला? कारण शटरिंग. साइझ बदलला की फर्मा बदलावा लागतो. त्यात जाणारा वेळ आणि पैसा वाचलेल्या काँक्रीटपेक्षा जास्त होतो. पाचेक मजले एकच साइझ ठेवणं हा मधला मार्ग.

ही इमारत सहकारी तत्त्वावर उभी राहिली, आणि खरी गंमत इथेच आहे. अमेरिकेतल्या को-ऑपमध्ये तुम्ही फ्लॅट विकत घेत नाही. इमारतीची मालक संस्था असते. तुम्ही तिचे शेअर्स घेता आणि फ्लॅटमध्ये राहण्याचा हक्क मिळवता. आपल्या घरातलं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आठवा, कल्पना बरीचशी तीच. पण तिथे बऱ्याचदा संपूर्ण इमारतीवर एकच सामाईक कर्ज असतं. एकाने पैसे थकवले तर बोजा बाकीच्यांवर पडतो. म्हणून नवा सभासद घेण्याआधी कमिटी त्याची मुलाखत घेते. हिशेब म्हणून हे पटतं, पण याच अधिकाराच्या आडून ‘आपल्यातले’ आणि ‘परके’ अशी निवडही करता येते. घर देताना वंश, धर्म पाहण्याला तिथे १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने बंदी घातली. तरी कमिटीच्या मनात काय आहे हे सिद्ध करणं अवघडच.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. उघडं काँक्रीट सुंदर दिसतं खरं, पण शिकागोच्या थंडीत भेगांमधलं पाणी गोठून फुगतं. सळई गंजली की तीही फुगते आणि कव्हर सुटून पडतं. खांब कोणा एकाचा नसतो, त्यामुळे खर्च सगळ्यांचा, आणि निर्णयही सगळ्यांनी मिळून घ्यायचा. आपल्याकडेही सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं.

उद्या इंजिनिअर म्हणून आपण ते ऑडिट करूच. पण आज सोसायटीच्या मीटिंगला आई-बाबांबरोबर जाऊन एवढं तरी विचारा : आपलं शेवटचं ऑडिट कधी झालं?