ढिगाऱ्यातील दगडांची नोंदवही

मध्य अमेरिकेतील होन्डुरास देशाच्या पश्चिम सीमेजवळ कोपान नावाचे एक पुरातन माया नगर आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकापासून नवव्या शतकाच्या आरंभापर्यंत तेथे एका राजवंशाची सत्ता होती. १८३९ साली स्टीफन्स आणि कॅथरवूड हे दोघे प्रवासी तेथील अरण्यात शिरले, आणि कोपानचे कोरीव स्तंभ जगास ठाऊक झाले. परंतु श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते त्या स्तंभांविषयी नव्हे, तर त्यांच्या आसपास विखुरलेल्या, कोणाच्याही नजरेत न भरणाऱ्या दगडांविषयी.

कोपानच्या शिल्पींची रीत मोठी वेगळी होती. मंदिराच्या दर्शनी भिंतीवरील देवमुख किंवा पक्षी ते एका शिळेत कोरीत नसत. अनेक सुटे दगड घडवून ते जोडीत. प्रत्येक दगडाला मागे एक लांब शेपूट ठेवलेले असे. ते भिंतीत खोल बसवावयाचे आणि दर्शनी अंगाला चुन्याचा लेप देऊन रंग चढवावयाचा. मात्र भिंतीचा गाभा मातीचा व दगडगोट्यांचा. नगर ओस पडले, पावसाने व झाडांच्या मुळांनी भिंती पोखरल्या, आणि चोच एकीकडे तर पंख दुसरीकडे अशी या चित्रांची वाताहत झाली.

तरीही पडलेल्या दगडाला स्वतःची एक जागा असते. तो कोणत्या भिंतीच्या पायथ्याशी, कशाच्या शेजारी, किती खोल सापडला, यावरून त्याचे मूळ स्थान ताडता येते. जुन्या उत्खनकांना घाई होती ती इमारती, थडगी आणि लेख यांची. त्यांनी कोरीव दगड वेचून बाजूला ढीग रचले. दगड वाचले, पण पत्ता गेला. दप्तरात आयुष्य घालविलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. चुकीच्या फायलीत लागलेला कागद हा हरवलेल्या कागदाहून अधिक त्रास देतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे तेथील चित्रलिपीचा जिना. दोन हजारांहून अधिक चिन्हांचा हा लेख माया लिपीतील ज्ञात लेखांत सर्वांत मोठा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो खणला गेला, तेव्हा पुष्कळशा पायऱ्या घसरून एकमेकींत मिसळल्या होत्या. पुढे १९३० नंतरच्या दशकात कार्नेगी संस्थेच्या लोकांनी तो पुन्हा उभारला. त्या वेळी लिपी वाचता येत नव्हती, म्हणून वरच्या भागातील अनेक दगड जसे हाती आले तसे बसले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी जिना वाचविला. पण पानांचा क्रम चुकलेला ग्रंथ वाचण्याचे काम पुढील पिढ्यांच्या गळ्यात पडले.

१९८५ साली विल्यम आणि बार्बरा फॅश यांच्या नेतृत्वाखाली या ढिगांचा हिशेब घेण्याचे काम सुरू झाले. एकेका दगडाला क्रमांक, मापे, रेखाचित्र, छायाचित्र आणि सापडल्या जागेची नोंद. मग पिसे, दात, डोळे, कणसे अशी आकृतींनुसार वर्गवारी. नोंदलेल्या तुकड्यांची संख्या २५,००० च्या वर गेली. नोंद झाल्यावरच गणित मांडता येते: एका इमारतीच्या आसपास एकाच घडणीच्या किती चोची मिळाल्या, हे कळले म्हणजे भिंतीवर किती पक्षी होते याचा अदमास लागतो. मग वाळूच्या थरावर दगड मांडून सांधा जुळतो का ते पाहावयाचे. वाळू का, तर शेपटांची लांबी सारखी नसते. वाळूत ती दबतात आणि कोरीव अंग एका पातळीत येते.

अशाच जुळणीतून राजसभेच्या चौकातील एका इमारतीवर चटईच्या विणीची शिल्पे पुन्हा दिसू लागली. माया लोकांत चटई हे सत्तेचे आसन. ही इमारत सल्लागारांचे सभागृह असावी, असे अभ्यासक त्यावरून मानतात. सुटा तुकडा पाहिला तर ती केवळ वळणावळणाची नक्षी!

साठवणीचा प्रश्न याहून कमी रोचक, पण अधिक निकडीचा. कोपानचा दगड ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला, सच्छिद्र व पाणी शोषणारा. उघड्यावर ठेवला तर पाऊस व शेवाळ त्याचे कोरीव काम झिजवितात. म्हणून छप्पर हवे, जमिनीपासून उंच फळ्या हव्यात, आणि क्रमांक असा हवा की दगड न हलविता वाचता यावा. जिन्यावर १९८५ पासून कापडाचे छत आहे. १९९६ साली तेथे शिल्पसंग्रहालय उघडले. त्यात काही दर्शनी भिंती मूळ दगडांनी पुन्हा रचल्या आहेत.

पण ज्यांची जागा अद्याप लागली नाही, असे हजारो तुकडे कोठारांत आहेत. सूचीत तेही आहेत, आपापल्या क्रमांकासह. कोणास ठाऊक, शेजारच्या फळीवरच एखाद्याचा जोडीदार असेल.