नाथांच्या काल्यातील एक वाटा

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की बीड जिल्ह्यातील गावोगावच्या दिंड्यांची पावले श्रीक्षेत्र पैठणकडे वळू लागतात. शके १५२१ मध्ये याच तिथीस श्रीएकनाथ महाराजांनी गोदावरीत आपला देह ठेवला. गंगास्नान, समाधीचे दर्शन आणि अष्टमीच्या काल्याचा प्रसाद घेऊन वारकरी कृतार्थ होऊन परततो.

त्याच पैठणात एक खुले कारागृहही आहे. दीर्घ शिक्षा भोगताना ज्यांच्या वर्तणुकीचा भरवसा पटला, असे बंदी येथे शेतात राबतात. त्यांना बांधून ठेवते ती कुलपापेक्षा त्यांनी दिलेल्या शब्दाची साखळी. नाथांच्या गावी अशी संस्था असावी, यात एक औचित्य आहे.

नाथचरित्रातील चोरांची कथा घरोघरी ठाऊक आहे. रात्री वाड्यात चोर शिरले, हाती लागले ते त्यांनी गोळा केले. पण निघतेवेळी त्यांची दृष्टीच गेली. नाथांनी त्यांच्या डोळ्यांवरून हात फिरविला आणि त्यांना पुन्हा दिसू लागले. एवढ्यावर नाथ थांबले नाहीत. गिरिजाबाईंकडून स्वयंपाक करवून त्यांनी त्या चोरांना पोटभर जेवू घातले. गेलेली दृष्टी परत देणे हे संतांचे सामर्थ्य. परंतु अपराध्याला पंगतीस बसविणे तुम्हां-आम्हांसही अशक्य नाही.

हे केवळ कथेतच घडते असे मानण्याचे कारण नाही. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या, गांधीविचाराने भारलेल्या अभियंत्याची ती कल्पना, आणि तिला राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा आधार. खुनासारख्या गुन्ह्यांची शिक्षा भोगणाऱ्यांना तेथे बेड्यांवाचून, कुटुंबासह राहून शेती करण्याची मुभा मिळाली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ मधील ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती. सांगली जिल्ह्यातील त्या वसाहतीने एक गोष्ट सिद्ध केली : माणसावर विश्वास टाकला, त्याच्या हाती काम दिले आणि त्याची बायकामुले त्याच्यापासून तोडली नाहीत, तर तो पुन्हा उभा राहू शकतो.

तथापि कारागृहाचा दरवाजा उघडला म्हणजे माणूस घरी पोहोचला असे होत नाही. त्याहून अवघड असते ती गावची वेस. संचित रजेवर चार दिवसांसाठी आलेला बंदी असो की शिक्षा पूर्ण करून सुटलेला, पारावरचे बोलणे त्याला पाहून थांबते. आपल्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात; त्यासाठीची उचल माणसाच्या भरवशावर मिळते. ज्याचा भरवसा गावानेच काढून घेतला, त्याने हात पसरावा कोणापुढे? उपाशी हातांना जुनी वाट सोपी वाटू लागली, तर त्या दोषाचा काही भाग आपल्याही पदरी पडतो.

वाल्याने घरी जाऊन विचारले होते, ‘माझ्या पापाचे वाटेकरी व्हाल का?’ बायकामुलांनी नकार दिला. आज आपण नेमके उलट करतो. ज्यांचा काही अपराध नाही, त्या पत्नीला आणि लेकरांना आपण बळेच त्या पापाचे वाटेकरी करतो. शाळेत मुलाला बापाच्या नावाने हिणवले जाते, मुलीची सोयरीक मोडते. वाल्याच्या घरच्यांना जो न्याय मिळाला, तो या लेकरांना का मिळू नये?

ज्याच्या घरी घाव बसला, त्याच्या अश्रूंचा विसर पडावा असे येथे मुळीच म्हणणे नाही. त्या घराची विचारपूस हे गावाचे पहिले कर्तव्य होय. अपराध्याचा पश्चात्तापही त्या दुःखाची जाणीव ठेवील तेव्हाच खरा. परंतु न्यायासनाने दिलेली शिक्षा भोगून झाल्यावर गावाने जन्मभर दुसरी शिक्षा देत राहावे, हा धर्म नव्हे.

करण्याजोगे पुष्कळ आहे. माणूस आत असताना त्याच्या मुलांची शाळा सुटू नये एवढे शेजाऱ्यांनी पाहावे. शासनाच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलांचाही विचार केलेला आहे. वकील करण्याची ऐपत नसलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य साहाय्य मिळते, हे त्यांच्या घरी कळवावे. सुटून आलेल्यास कोणी शेतात, कोणी दुकानात काम द्यावे. आणि दिंडी निघेल तेव्हा त्याच्या गळ्यात टाळ घालून त्याला आपल्या ओळीत उभे करावे.

काल्यामध्ये दही, पोहे, लाह्या एकत्र होतात. कोणाच्या घरचे काय, हे मग निवडता येत नाही. यंदा पैठणहून परतताना प्रसादाची पुडी बांधाल, तेव्हा ज्या घराची कडी गावाने वाजविणे सोडले आहे, त्या घरासाठीही एक घास राखून ठेवावा. नाथांच्या पंगतीत त्याचा वाटा पूर्वीपासूनच आहे.