सोन्याच्या वाटेवरचा पोलीस

बालमित्रांनो, सहलीला निघताना बाई बसच्या दाराशी उभ्या राहतात. डबा आणलास? पाण्याची बाटली? स्वेटर कुठाय? तुम्हाला अगदी कंटाळा येतो ना? मग आज अशाच एका पोलीस अधिकाऱ्याची गोष्ट ऐका. त्याने तर हजारो मोठ्या माणसांची पिशवी तपासली होती!

त्याचं नाव सॅम स्टील. नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलीस या कॅनडाच्या घोडेस्वार पोलीसदलात तो सुपरिंटेंडेंट होता. कॅनडा तेव्हा ब्रिटिश साम्राज्यात होता. १८९६ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या पार वायव्य टोकाला, क्लोंडाइक नदीच्या एका ओढ्यात सोनं सापडलं. पुढच्या वर्षी ही बातमी जगभर पसरली आणि काय झालं, ठाऊक आहे? सुमारे एक लाख माणसं घरदार सोडून निघाली! कारकून, शिक्षक, दुकानदार, शेतकरी... डोंगर आणि बर्फ कशाशी खातात, हे यातल्या कितीतरी जणांना माहीतही नव्हतं.

वाट अमेरिकेच्या अलास्कातून चिलकूट आणि व्हाइट या दोन खिंडींवर चढायची. पलीकडे कॅनडा. १८९८ च्या फेब्रुवारीत स्टीलने दोन्ही खिंडींच्या माथ्यावर पोलीसचौक्या बसवल्या. नियम एकच : वर्षभर पुरेल एवढं अन्न बरोबर असेल तरच पुढे जायचं, नाहीतर आल्या पावली परत! कारण आदल्या हिवाळ्यात क्लोंडाइकच्या डॉसन गावात अन्नाची टंचाई झाली होती. सोनं काही शिजवून खाता येत नाही!

पीठ, डाळी, साखर, तंबू, हत्यारं असं सगळं मिळून माणशी जवळपास ९०० किलो सामान व्हायचं. ते एका खेपेत कसं नेणार? पाठीवर पंचवीस-तीस किलो घ्यायचे, बर्फात खोदलेल्या सुमारे दीड हजार पायऱ्या चढायच्या, सामान माथ्यावर ठेवायचं आणि पुन्हा खाली! तीस-चाळीस खेपा. पोलिसांना शिव्याशाप देतच लोक चढत होते. पोलीस तरी कुठे सुखात होते? चिलकूटच्या माथ्यावर इन्स्पेक्टर बेल्चर आणि त्याची माणसं बर्फाच्या वादळात एका छोट्याशा झोपडीत राहून जकात गोळा करत होती.

पलीकडे उतरल्यावर बेनेट सरोवर गोठलेलं! त्याच्या काठी लोकांनी झाडं तोडून स्वतःच होड्या बनवल्या. स्टीलने प्रत्येक होडीला नंबर द्यायला लावला आणि आत कोण कोण आहे, ते वहीत लिहून घेतलं. कुणी हरवलं तर शोधता यावं म्हणून. २९ मे १८९८ ला बर्फ फुटला आणि काही दिवसांतच सात हजारांवर होड्या निघाल्या. डॉसन अजून सुमारे ९०० किलोमीटर दूर होतं.

वाटेत व्हाइट हॉर्सचे धबाबा उसळणारे प्रवाह होते. पहिल्या काही दिवसांतच तिथे दीडशेच्या आसपास होड्या फुटल्या. माणसंही बुडाली. स्टील तिथे आला आणि त्याने तिथल्या तिथे नवे नियम केले. बायका आणि मुलांनी होडीतून उतरून सुमारे आठ किलोमीटर काठाने चालत जायचं. होडी पोलिसांनी तपासायची. सुकाणू जाणकार माणसाच्याच हाती हवं. नियम मोडला तर शंभर डॉलर दंड!

आता गंमत बघा. असा कुठलाच कायदा तेव्हा नव्हता! पोलीस वाटेल तसे कायदे करतात, अशी लोकांची तक्रार होतीच. स्टील म्हणाला की, आत्ता मी तेच करणार आहे, आणि तुमच्या भल्यासाठी करणार आहे. त्यानंतर अपघात खूपच कमी झाले.

डॉसनमध्येही तो असाच कडक. गावात पिस्तूल बाळगायचं नाही, रविवारी काम बंद. गुन्हेगारांना शिक्षा काय, तर पोलिसांच्या चुलींसाठी लाकडं फोडायची! दंडाचा पैसा आजाऱ्यांच्या औषधपाण्याला जाई.

पण ही शिस्त सगळ्यांनाच सुखाची ठरली नाही. तिथल्या मूळ रहिवाशांची मासेमारीची जागा गर्दीने गिळली. आयझॅक या त्यांच्या प्रमुखाला आपली माणसं घेऊन नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइड इथे जावं लागलं. हेही विसरू नका.

आणि स्टीलचं काय झालं? राजधानीतल्या राजकारणी मंडळींशी त्याचं पटेना. १८९९ च्या सप्टेंबरमध्ये त्याला डॉसनहून हलवलं. तो निघाला तेव्हा निरोप द्यायला नदीकाठी ही गर्दी जमली! खिंडीत त्याच्या नावाने बोटं मोडणारेही त्यात असतीलच की.

मुलांनो, कायदा नसताना पोलिसाने नियम करावा का? भल्यासाठी केला तर चालेल? आणि ते 'भलं' ठरवायचं कुणी? उत्तर सोपं नाही. आज जेवताना आईबाबांना विचारा. वाद घाला, पण ताटातलं संपवून!