भेंडीचा लंडनचा प्रवास दहा तासांचा नव्हे

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७२०० किलोमीटर. मध्ये न उतरता जाणारे विमान ते साधारण नऊ-दहा तासांत तोडते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा त्याला वाटेत कैरो आणि जिनिव्हा इथे उतरावे लागले होते.

हिवाळ्यात मुंबईहून रात्री दोनला सुटलेले विमान तिथल्या घड्याळात सकाळी साडेसहाला उतरते. म्हणून काहीजण म्हणतात, "साडेचार तासात पोचलं की!" पण लंडनचे घड्याळ त्या दिवसांत आपल्या साडेपाच तास मागे असते. दहा तास ते दहाच तास.

रस्ता नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये. शाळेतला पृथ्वीचा गोल घ्यावा आणि मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरावा. दोरा उत्तरेकडे वाकलेला दिसतो, तीच जवळची वाट. मात्र विमानाला ती मिळतेच असे नाही. २०२२ पासून युक्रेनचे आकाश बंद झाले, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना वाट बंद केली. अशा वळशाला तेल जास्त लागते. त्यात जाताना वरचा पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून येण्यापेक्षा जाण्याला वेळ अधिक.

आता भेंडीचे बघा. द्राक्ष थंड कंटेनरमधून जहाजाने तीन-चार आठवडे तग धरते. भेंडीचे तसे नाही, ती चार दिवसांत जून दिसू लागते. म्हणून तिला विमान. पण तिचा प्रवास विमानात नव्हे, पहाटेच्या तोडणीपासून सुरू होतो. तोडलेला माल उन्हात बांधावर दोन तास पडला, तर पुढचे विमान कितीही वेगाने जावो, उपयोग नाही. सावली, लगेच पॅकहाऊस, सात ते दहा अंश थंडावा, मग कीडरोगमुक्तीचा दाखला, कस्टम, आणि विमान सुटण्याच्या कितीतरी तास आधी माल विमानतळावर हजर. दहा तासांच्या उड्डाणामागे असा दीड-दोन दिवसांचा खटाटोप असतो.

भाडेही समजून घ्यावे. हवाई मालाचे भाडे वजनावर किंवा आकारमानावर, जे जास्त भरेल त्यावर लागते. सहा हजार घनसेंटीमीटर म्हणजे एक किलो धरतात. पेटी मोठी नि माल कमी, तर पैसे हवेचे भरायचे!

आणि कागद. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपला आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू बंद केले होते, कारण मालात सापडलेली फळमाशी व इतर किडी. आंब्याची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, भाज्यांना मात्र २०१७ पर्यंत थांबावे लागले. तेव्हापासून शेताची नोंदणी, फवारणीची वही यांची विचारपूस कडक झाली. नोंदणीला सातबारा लागतो. तो उतारा दोन दिवस अडला, तर तोडा हुकतो, आणि भेंडी कुणासाठी थांबत नाही.