मार्बल्ड न्यूटची प्रजाती कशी ओळखायची?

मंडळी, समजा युरोपातल्या एका घरी काचेच्या टाकीत एक न्यूट आहे. न्यूट म्हणजे दिसायला पालीसारखा, पण बेडकाचा भाऊबंद. शेपूट असलेला उभयचर. अंग हिरवंगार, त्यावर संगमरवरासारखी काळी नक्षी, म्हणून नाव मार्बल्ड न्यूट. मालक विचारतो, याची प्रजाती कोणती?

आधी एक गैरसमज दूर करू. काहींच्या पाठीवर नारिंगी रेघ असते, काहींच्या नसते. या दोन प्रजाती नव्हेत. रेघ मादीला आणि पिलांना असते. विणीच्या हंगामात नराला मात्र उभ्या पट्ट्यांचा तुरा येतो.

खरा पेच पुढे आहे. फ्रान्स आणि स्पेन-पोर्तुगालच्या उत्तर भागात राहतो तो ट्रायट्युरस मार्मोरॅटस. दक्षिणेकडचा बुटका तो ट्रायट्युरस पिग्मिअस. १९०५ साली वोल्टर्स्टॉर्फ यांनी या बुटक्याचं वर्णन केलं, ते उपप्रजाती म्हणून. २००१ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला.

मग मोजपट्टी लावली की झालं? नाही. मोठा सुमारे १६ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, बुटका बहुधा १२च्या आत राहतो, हे खरं. पण मोठ्याचं अर्धवट वाढलेलं पोर बुटक्याएवढंच दिसतं. शिवाय टाकीत आयतं खाऊन बुटकाही गलेलठ्ठ होतो. त्यापेक्षा पोट बघा. मोठ्याचं पोट काळपट, त्यावर पांढरे ठिपके; बुटक्याचं फिकट, मळकट पांढरं, त्यावर गडद डाग. तरीही एका खुणेवर विसंबू नये, कारण प्रत्येक प्राण्यात थोडा फरक असतोच.

सगळ्यात भरवशाची माहिती अंगावर नसतेच. हा प्राणी किंवा त्याचे आईबाप मूळ कुठल्या तळ्यातले, हे कळलं तर निम्मं काम होतं. नेमकी हीच माहिती विक्रीत हरवते.

एवढी चिकित्सा कशासाठी? कारण या दोघांचा संकर होतो. चुकून जोडी लावली, पिलं वाटली गेली, की पुढच्या पाळणाऱ्याला शुद्ध वंश कोणता ते नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यात २०२४ मध्ये लिस्बन परिसरातले बुटके न्यूट वेगळे काढून त्यांना ट्रायट्युरस रुडोल्फी हे नाव दिलं गेलं. ज्यांनी ‘पिग्मिअस’ एवढंच लिहून ठेवलं, त्यांची आता पंचाईत आहे. ज्यांनी गाव लिहून ठेवलं, त्यांना नाव बदलून घेता येईल.

म्हणून टाकीवर नावाच्या आधी मूळ ठिकाण लिहा. ते माहीतच नसेल, तर प्राणी खुशाल सांभाळा, पण त्याची वीण घेऊ नका.